हात आवरायचा उन्हाळा

आमच्या घरात हातांनी बोलायला सुरुवात कमळमुळे झाली, असं नात्यागोत्यात सगळे समजतात. साफ खोटं आहे ते. सुरुवात अण्णांनी केली. अण्णा म्हणजे माझे वडील, शिंपी होते. शेवगावात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमची पुढची खोली म्हणजे दुकान आणि मागची म्हणजे घर, मध्ये एक गोणपाटाचा पडदा. अण्णांना ओठांत टाचण्या धरायची सवय. सकाळचा चहा झाला की टाचण्या तोंडात गेल्या, त्या दुपारी भाकरी पुढ्यात आली की निघायच्या. तोवर काही सांगायचं झालं तर हातानं. दोन बोटं कातरीसारखी चालवली की कातर आण. गळ्याभोवती बोट फिरवलं की मापाची टेप कुठाय. कापडावर आखलेली रेघ गिऱ्हाइकाला पसंत पडली नाही, की अण्णा उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावरून झरकन बाहेर झटकायचे, तळव्यावरचा खडू उडवल्यासारखी. म्हणजे नको, हे राहू दे. आईनं तेच झटकणं स्वयंपाकात नेलं. भाजीवाली दारात आली आणि घ्यायचं नसलं की आई तिला चुलीपासूनच खडू झटकून दाखवायची, आणि तीही काहीबाही पुटपुटत पुढं जायची. बोलून घसा कशाला कोरडा करायचा, असं आईचं म्हणणं.

अशा घरात कमळ माझ्या पाठीवर आली, बरीच उशिरा. तिच्या तापाची गोष्ट मी सांगत बसणार नाही. ती प्रत्येक बहिऱ्या मुलाच्या घरात असते आणि बहुतेक सारखीच असते. ताप आला, उतरला, आणि पोर हाकेला वळेनाशी झाली. आई रडली, अण्णा दोन दिवस मशीनवर बसले नाहीत, मग बसले. कमळ मात्र मशीनच्या फळीला पाठ टेकून खाली चिंध्यांत बसायची, आणि मशीन चालायला लागलं की तिच्या तोंडावर हसू यायचं, कारण ती धडधड तिला पाठीत कळायची. तिला बोलायला शिकवायला कुणी मुद्दाम बसलं नाही. अण्णांच्या खुणा घरात चिंध्यांसारख्या पडलेल्याच होत्या, तिनं त्या गोळा केल्या आणि आपल्या मनाच्या जोडत गेली. आईचं नाव नाकावरची चमकी. माझं नाव दोन वेण्या, त्या मी कापल्यावरही तेच राहिलं. गल्लीतल्या प्रत्येकाला तिनं नाव दिलं होतं आणि त्यातली काही अशी होती की त्या माणसांना कळली असती तर त्यांनी आमच्याकडे कपडे टाकणं बंद केलं असतं. आम्ही दोघी हातांनी गप्पा मारायचो, चुगल्या करायचो आणि भांडायचोसुद्धा. भांडण फार रंगलं की आई आतून ओरडायची, ''अगं, हळू भांडा की जरा!'' आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन स्वतःच हसायची. कमळला कुणी ''बिचारी'' म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अजून जाते. बिचारी कसली? घरातली सगळ्यात बडबडी पोरगी होती ती.

मग कुणीतरी अण्णांना मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेचं सांगितलं. शाळा लांबच्या शहरात होती, वसतिगृह होतं. शहराचं नाव मी लिहीत नाही, कारण तशा शाळा तेव्हा जिथं जिथं होत्या तिथं सगळीकडे हेच चालायचं. कमळ अकरा वर्षांची, मी मॅट्रिक देऊन घरी बसलेली, अण्णांच्या सदऱ्यांना काज-बटण करणारी. ती गेली आणि घरात इतकी शांतता झाली की आई म्हणाली, ''काय गं शकू, आवाज न करणारी पोर गेली, तर घर एवढं मुकं कसं झालं?'' वर्षभर आम्ही तिची वाट पाहिली. उन्हाळ्याच्या सुटीत अण्णा तिला आणायला गेले.

संध्याकाळच्या एसटीनं आले दोघं. कमळ उंच झाली होती, केस बारीक कापलेले, अंगात शाळेचा निळा झगा. मी धावत गेले आणि दोन्ही हातांनी काय काय विचारायला लागले. तिनं हात वर केले नाहीत. ते पाठीमागे बांधून ती आईसमोर ताठ उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि घशातून, खूप कष्टानं, म्हणाली, ''आ... ई.''

आईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. ती खालीच बसली. बारा वर्षांत जे ऐकायचं तिनं सोडून दिलं होतं, ते तिच्यासमोर उभं होतं. ''आजून म्हन, बाळा, आजून येकदा म्हन,'' असं ती रडत रडत म्हणत राहिली आणि कमळ तिच्या ओठांकडे बघत म्हणत राहिली. शेजारच्या बायका जमल्या. कुणीतरी साखर वाटली. मलाही भरून आलं होतं, ते खोटं कशाला सांगू?

जेवणं झाल्यावर अण्णांनी शाळेतल्या बाईंचा निरोप सांगितला. बाई फार तळमळीनं बोलल्या होत्या. पोरगी हुशार आहे, ओठ वाचायला लागली आहे, पण घरी हातवारे कराल तर वर्षाची मेहनत पाण्यात जाईल. हात बोलायला लागले की जीभ आळशी होते. तिच्याशी फक्त तोंडानं बोलायचं, तिनं खूण केली तर बघायचंच नाही. ''म्हंजे आता आपन तिच्यासंगं हात हालवायचा न्हाई,'' अण्णा म्हणाले. ''शकू, तू सुदीक. तुझे हात लई चालत्यात.''

''आन् तिला काई सांगायचं असलं तर?''

''तोंडानं सांगंल. सांगायला लागंल हळूहळू. बाई शिकलेल्या हायत, त्या काय आपल्या वाईटावर हायत का?''

त्यावर मी काय बोलणार? आईनं नुकतंच ''आई'' ऐकलं होतं.

आज मी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. पुढं आयुष्यभर बहिऱ्या मुलांनाच शिकवलं, आधी हात खाली ठेवून आणि मग, काळ बदलल्यावर, हात वर करून. त्यामुळे त्या बाईंना नावं ठेवायचा मला अधिकार असला तरी इच्छा नाही. त्यांना जे शिकवलं होतं तेच त्या शिकवत होत्या, आणि रात्री आजारी पोरींच्या उशाशी त्याच बसायच्या. पण एक गोष्ट मी माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक शिक्षिकेला सांगत आले. मुलाला बोलायला शिकवायचं असेल तर जरूर शिकवा, फक्त त्याच्याकडे आधी जे आहे ते काढून घेऊ नका.

तर घरात बंदी सुरू झाली. अण्णा दिवसातून कितीदा तरी म्हणायचे, ''शकू, हात आवर.'' आई कमळशी बोलताना पदराचं टोक दोन्ही मुठींत धरून ठेवायची. मी मांडीखाली हात घालून बसायची. अण्णा तिच्यापुढं उभे राहिले की टेपची दोन टोकं दोन हातांत घट्ट धरायचे आणि तोंड मोठं करून, एकेक अक्षर ताणून बोलायचे. कमळ त्यांच्या मिशीकडे बघत राहायची. मिशीखालचं तिला कितपत दिसत होतं देव जाणे. ''जे-व-लीस-का'' हे तिला कळायचं, कारण ते जेवायच्या वेळी म्हटलं जायचं. बाकीच्याला ती मान हलवायची. आणि तिच्याकडे होते ते पाच-सहा शब्द, ते म्हणून झाले की ती गप्प बसायची. नुसती गप्प. तिनं सुरुवातीला दोन-चारदा आमच्यापुढं हात उचलले, आम्ही सगळ्यांनी, ठरल्याप्रमाणे, माना फिरवल्या. मग तिनं हात उचलणं सोडलं. ताट पुढ्यात आलं की जेवायची, ताट घासायची, कोपऱ्यात बसायची. फळीला पाठ टेकून बसणंही बंद झालं.

आणि अण्णांची टाचण्यांची सवय काही सुटली नव्हती. कातर हवी असली की ते मला दोन बोटं दाखवायचेच. आई भाजीवालीला खडू झटकून दाखवायचीच. बंदी फक्त कमळपुरती होती. कमळ कोपऱ्यातून हे सगळं बघत असायची.

त्या साली पाऊस झालेला नव्हता, दुष्काळ होता. नवे कपडे शिवायला कुणी येत नव्हतं, ठिगळं लावून घ्यायला यायचे. बायका खडी फोडायच्या कामावर जायच्या. रेशनवर मिलो मिळायची, ती लाल ज्वारी, तिची भाकरी तव्यावरच विटकरीच्या रंगाची व्हायची आणि घशाखाली उतरताना वास मारायची. आम्ही नाक धरून खायचो. पण समोरच्या वत्सलाकाकूंची सुमी खायची नाही.

वत्सलाकाकू म्हणजे आमच्या दारासमोरचं दार. काका अडतीवर मापाडी, काकू खडीच्या कामावर. हनुवटीवर गोंदण, तोंड फाटकं, पण अडीअडचणीला सगळ्यात आधी धावणारी बाई. सहा वर्षांची सुमी त्यांची एकुलती एक. सुमीचे कान शाबूत होते, गल्लीच्या टोकाला एसटीचा हॉर्न वाजला तरी ती दोन्ही कानांवर हात दाबून घ्यायची. पण बोलायची नाही. कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही. दिवसभर दोन घरांमधल्या बोळात बसून चिंचोक्यांची रांग लावायची, सरळ, दोरीत धरल्यासारखी, आणि एक चिंचोका कुणाच्या पायानं हलला तर किंचाळून गल्ली डोक्यावर घ्यायची. आता अशा मुलांना स्वमग्न म्हणतात, तपासण्या आहेत, शिक्षक आहेत. तेव्हा एकच शब्द होता, येडी. काकूंनी काय नाही केलं? शंखातलं पाणी पाजलं. पोपटानं टोचलेला पेरू मिळवून खाऊ घातला, म्हणजे पोपटासारखी बोलेल. सगळ्यात वाईट होतं ते वेखंड. बाळाच्या जिभेला वेखंडाचं बोट लावतात ते वेगळं. इथं सहाणेवर मधात वेखंड चांगलं दाट उगाळायचं आणि सुमीला धरून तिच्या जिभेवर चोळायचं, वाचा फुटावी म्हणून. वेखंड झोंबतं. पोर अशी ओरडायची की आई कानात बोटं घालायची.

त्या उन्हाळ्यात सुमीनं खाणं सोडलं. ती लहानपणापासून पांढऱ्या ज्वारीची कोरडी भाकरीच खायची, आणि आता घरात सगळी लाल भाकरी. ताट पुढं केलं की ती ते उलथून द्यायची. पोर खंगायला लागली. काकूंचा जीव टांगणीला लागला. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं घशाला गाठ आहे म्हणूनच वाचा नाही आणि म्हणूनच गिळत नाही. मग पूर्वी सणावारी व्हायचं ते वेखंड रोज व्हायला लागलं.

एक दिवस मी राख टाकायला बोळात गेले तर कमळ तिथं सुमीजवळ बसलेली. समोर नाही, शेजारी, खांद्याला खांदा. सुमी रांग लावत होती. कमळचा एक हात जमिनीला अगदी लागून, रांगेच्या टोकाशी होता आणि तो हात बोलत होता. मी भिंतीआड थांबले. कमळनं लाल भाकरीचा तुकडा पुढं ठेवला, सुमीचे खांदे आखडले. कमळनं लगेच, तिथंच खाली, डाव्या तळव्यावरून उजवी बोटं झटकली आणि तुकडा उचलून लांब टाकला. पुन्हा ठेवला. पुन्हा झटकलं, पुन्हा लांब. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मग सुमीचा हात चिंचोक्यावरून उठला आणि तिनं आपल्या इवल्या तळव्यावर बोटं झटकली. कमळनं तुकडा ताबडतोब टाकून दिला. सुमीनं पुढचा चिंचोका लावला.

शाळेत बाई कमळची हनुवटी बोटानं वर उचलून तिला ओठांकडे बघायला लावायच्या, हे मला नंतर कळलं. तिला त्या बोटाचा संताप होता. म्हणून तिनं सुमीची हनुवटी उचलली नाही, सुमीचे डोळे जिथं होते तिथं आपला हात नेऊन ठेवला. मी पुढं कितीतरी प्रशिक्षणं घेतली आणि दिली, याच्यापेक्षा शहाणं मला कुणी काही सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी घरी काही बोलले नाही. बोलले असते तर अण्णांनी बोळात जाणं बंद केलं असतं.

दोन-तीन दिवसांनी दुपारची, उन्हाची वेळ. काकू सुमीला काखेत मारून आमच्या दुकानातच शिरल्या. सहाण आमची, म्हणून वेखंड आमच्याकडेच उगाळायचं आणि धरायला माणसंही आमचीच. सुमीनं दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. काकूंचे डोळे सुजलेले. ''वैनी, पाय धरा,'' त्या आईला म्हणाल्या. ''शके, तू हात धर. घट धर, मागल्या टायमाला तिनं मला बोचकारलं.'' अण्णा मशीनवर, तोंड फिरवून. त्यांना हे बघवत नसे, पण बायकांच्या कामात ते पडत नसत.

आईनं पाय धरले. मी दोन्ही मनगटं धरली, काडीसारखी होती. काकूंनी बोटावर वेखंड घेतलं. सुमी ओरडत नव्हती अजून, नुसती ताठ झाली होती आणि माझ्या मुठीत तिची बोटं वळवळत होती. तेवढ्यात गोणपाटाचा पडदा बाजूला झाला आणि कमळ आली. तिनं कुणाकडे बघितलं नाही. सरळ माझ्यापुढं बसली आणि माझी बोटं एकेक करून सुमीच्या मनगटावरून सोडवायला लागली. मी ती सोडू दिली.

हात मोकळे झाले तशी सुमीनं डावा तळवा पुढं केला आणि त्यावरून उजवी बोटं झटकली.

मशीन थांबलं. अण्णा वळून बघत होते.

''शके, धर की गं!'' काकू ओरडल्या आणि बोट पुढं नेलं. सुमीनं पुन्हा झटकलं.

''वैनी, थांबा,'' अण्णा म्हणाले. टाचण्या त्यांनी तळहातावर काढल्या होत्या. ''पोर बोलली.''

''कुटं बोलली? मला कसं आईकू आलं न्हाई?''

''नको म्हनतीया ती.''

काकूंनी अण्णांकडे बघितलं, मग सुमीच्या हाताकडे, मग कमळकडे. त्यांना समजायला वेळ लागला नाही, आणि समजलं तशा त्या भडकल्या. ''तुमच्या कमळीनं शिकवलं व्हय हे? आवो, माझ्या पोरीला कान हायत! आज ना उद्या बोलंल ती. हिच्यासारखी मुकी करून ठिवता का तिला? तुमीच म्हनता ना, हातानं जीभ आळशी हुती? मग तुमच्या पोरीला बंदी आन् माझ्या पोरीला शिकवनी?''

आईनं सुमीचे पाय सोडले. काकू बोलत होत्या, पण त्यांचं वेखंडाचं बोट हवेत तसंच होतं, आणि सुमीची नजर त्या बोटावर होती, आणि ती एकसारखी झटकत होती. नको. नको. नको. रडणं नाही, किंचाळणं नाही. गिऱ्हाइकानं रेघ नापसंत करावी तसं, स्पष्ट. काकूंचं बोलणं मध्येच तुटलं.

''नको म्हनतीया,'' त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मला वाटतं इतक्या वर्षांत त्यांनी कधी केली नव्हती. ते बोट स्वतःच्या जिभेवर ओढलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, त्यातलं वेखंडाचं किती आणि आतलं किती, कसं सांगू? ''अगं आई गं,'' त्या म्हणाल्या, ''लई झोंबतंय गं हे. ह्ये मी रोज लावत हुते व्हय?''

आईनं सहाण उचलून आत नेली. काकूंनी पदरानं जीभ पुसली आणि अण्णांना विचारलं, ''भावजी, 'बरं' कसं म्हनायचं? नको लावत, बरं, आसं?''

त्यांनी अण्णांना विचारलं, पण शिकवणारी कमळ होती, आणि कमळला विचारायचं तर हात उचलायला हवे होते. अण्णांनी आईकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत मला तिची ''आई'' दिसली, ती हाक जी तिला गमवायची नव्हती. मग तिनंच मान हलवली. अण्णांचे हात वर आले, अवघडलेले, इतक्या दिवसांनी कमळसाठी पहिल्यांदा. ही विचारतेय, बरं कसं. कमळ त्यांच्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं काकूंचा राठ हात धरला, जमिनीपर्यंत खाली नेला, सुमीचे डोळे होते तिथं, आणि तळव्यानं जमिनीवर दोनदा थोपटवलं. कापड नीट बसलं की अण्णा पाटावर थोपटायचे, तसं. सुमीनं आईच्या तोंडाकडे काही बघितलं नाही, ती कधीच बघायची नाही. पण हाताकडे बघितलं. आणि काकूंनी पुन्हा थोपटलं, पुन्हा, पुन्हा, आणि पोर अंगाची ताठर दोरी सैल सोडून आईच्या मांडीला टेकली.

त्या संध्याकाळी काकूंनी सगळी गल्ली पालथी घालून कुणाच्यातरी कणगीच्या तळाची मूठभर पांढरी ज्वारी मिळवली. सुमी जगली, वाढली, बऱ्याच खुणा शिकली, आणि पुढं दोन-चार शब्द तोंडानंही बोलायला लागली. हातानं तिची जीभ आळशी झाली नाही. हे मी इथंच सांगून टाकते, कारण त्या दिवसाचं माझ्या मनात जे रुतून बसलं आहे ते सुमीचं नाही.

काकू गेल्या. अण्णा मशीनवर परत बसले नाहीत. ते खाली फरशीवर, कमळच्या समोर मांडी घालून बसले. आमच्यात चुकलं म्हणायची खूण म्हणजे शिवणीतला दोरा चिमटीत धरून उसवणं. अण्णांनी छातीवर हात ठेवला आणि दोरा उसवला. पुन्हा उसवला. एक बाप आपल्या बारा वर्षांच्या पोरीला असं म्हणताना मी त्याआधी पाहिलेला नव्हता, आणि नंतरही क्वचितच पाहिला.

कमळनं माझ्याकडे बघितलं, मी हात मांडीखालून काढले होते. मग आईकडे. आणि मग तिचे हात उठले. आधी हळू, मग इतके भरभर की मला एक नजर पुरेना. वर्षभराचं होतं सगळं. वर्गात हात बाकाखाली दाबून बसायचं. कुणी खूण केली की बाई फीत घेऊन तिची मनगटं बाकाला बांधायच्या. रात्री दिवे गेल्यावर पोरी एकमेकींच्या तळहातावर बोटांनी बोलायच्या. शेजारच्या खाटेवरची धाकटी पोर घरच्या आठवणीनं रडायची, आणि तिला समजवायला हात काढला म्हणून दोघींना शिक्षा झाली. अण्णा बघत होते. दारात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला मी हातानंच परत पाठवलं.

आणि मग तिनं तो प्रश्न विचारला. घरात आल्यापासून तुम्ही बोलत नाही. तू शकूशी बोलतोस, कातर मागतोस. आई भाजीवालीशी बोलते. माझ्याशीच कुणी नाही. मी हात उचलला की सगळे तोंड फिरवता. मी काय केलं? मी फार आठवून बघितलं. शाळेत जाताना माझ्या हातून कपबशी फुटली होती, त्याचा राग आहे का? का मी ''आई'' नीट म्हणत नाही म्हणून? मी रोज म्हणून बघते.

आमच्या घरात रागावलं की अबोला धरायची रीत होती. आम्हीच तिला ती शिकवली होती. तिला वाटलं, सगळ्या घरानं मिळून तिच्याशी अबोला धरला आहे. बंदीचं कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं? सांगायला हात लागले असते.

अण्णांनी तोंड ओंजळीत लपवलं. मी रडत होते. आई उठली. मला वाटलं आता ती कमळला पोटाशी धरणार. पण धरलं असतं तर हात अडकले असते. ती कमळच्या पुढ्यात, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली, पदर सोडला आणि दोन्ही हातांनी सांगायला लागली. तू काही केलं नाहीस. राग नाही. कुणाचाच नाही. आईचे हात जाड, कामानं फुटलेले, चुका करत होते, एकाच गोष्टीला तीन-तीन खुणा करत होते, आणि कमळ पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, मग का? आणि आई पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. बाहेर अंधारून आलं तशी मी कंदील लावून दोघींच्या मध्ये ठेवला, हात दिसावेत म्हणून.